ओझं पेलणारी फुलं

देविकाराणीचं दुसरं लग्न हा आमच्या आजोळी तीन पिढ्या पुरलेला विषय. आजीने ‘अछूत कन्या’ बेळगावात पाहिला होता, जावेला बरोबर घेऊन, घरी कीर्तनाला जातो असं सांगून. १९३६ सालचा तो सिनेमा तिला म्हातारपणीही प्रसंगानुप्रसंग पाठ होता. नात्यातली कुठलीही सरळ नाकाची, गोरी मुलगी तिच्या लेखी ‘देविकाराणी’. पण त्याच देविकाराणीने १९४५च्या ऑगस्टमध्ये कुलूच्या खोऱ्यात राहणाऱ्या एका रशियन चित्रकाराशी लग्न केलं आणि सिनेमाकडे कायमची पाठ फिरवली, हे आजीला कधीच पटलं नाही. “मालाडला एवढा स्टुडिओ उभा केला, नवरा गेल्यावर हिमतीने चालवला, आणि डोंगरात जाऊन बसली!” हिमांशू राय १९४०मध्ये गेले, त्यानंतर बॉम्बे टॉकीजची सूत्रं तिनेच हाती घेतली होती, दिलीपकुमारला पडद्यावर आणलं तेही तिनेच. आजीची हळहळ उगाच नव्हती. त्या चित्रकाराचं नाव मात्र ती कधी घ्यायची नाही. नुसतं ‘तो रशियन’ म्हणायची.

पुढे तो रशियन आणि देविकाराणी डोंगर उतरून बंगळूरला राहायला आले आणि पन्नासच्या दशकात आमचा मोठा मामाही टाटा इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागून बंगळूरकर झाला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला तिथली जुनी माणसं अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. मामी मूळची तिथलीच. शहाजीराजांना १६३८नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, त्यांच्याबरोबर आमचे पूर्वज आले, असं सांगणाऱ्या घराण्यांपैकी तिचं एक. तिच्या मराठीत कानडीचे हेल होते, देवघरात खंडोबा होता आणि स्वयंपाकात चिंच-गुळाची आमटी कमी, सारू जास्त. आम्ही भाचरं मे महिन्यात तिथे जायचो. मामाने आणि मामीने त्या वेळी आणि नंतरही जे सांगितलं, त्याला पुढे मी वाचनाची जोड दिली आणि त्यातून आजीचा ‘रशियन’ मला हळूहळू माणूस म्हणून कळत गेला.

स्वेतोस्लाव्ह रोरिक १९०४च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गला जन्मला. वडील निकोलस रोरिक मोठे चित्रकार. स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या १९१३च्या गाजलेल्या नृत्यनाट्याचं नेपथ्य आणि वेशभूषा त्यांची. पण घरात चित्रांइतकीच बांधकामाची विद्या होती. आईचे वडील वास्तुविशारद, सख्खा काका बोरिस तोही वास्तुविशारद. रशियात क्रांती झाली तेव्हा रोरिक कुटुंब फिनलंडच्या बाजूला होतं. सीमा बंद झाली आणि घर मागे राहिलं ते राहिलंच. १९१९मध्ये कुटुंब लंडनला गेलं आणि तिथे हा पंधरा वर्षांचा मुलगा वास्तुशास्त्र शिकू लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि मग हार्वर्डला त्याने तोच विषय घेतला. इमारती काही त्याने बांधल्या नाहीत. बापाच्या वाटेने तो चित्रांकडे वळला. मात्र कोवळ्या वयात भिंत, कमान, खांब आणि त्यांच्यावरून खाली उतरणारा भार यांचा अभ्यास ज्याने केला, त्याच्या हाताला ते वळण कायमचं लागतं. हे माझं मत नव्हे, मामाचं.

मामा वर्कशॉपमधला माणूस. दिवसभर ड्रॉइंग वाचायचं आणि त्याबरहुकूम लोखंड कातायचं. चित्रकलेचं शिक्षण नाही, पण रेघ समजायची. कुमारकृपा रस्त्यावर कर्नाटक चित्रकला परिषदेत निकोलस आणि स्वेतोस्लाव्ह या बापलेकांच्या चित्रांची कायमची दालनं आहेत, तिथे तो मला घेऊन गेला. बापाच्या चित्रांत हिमालय, निळ्यावर निळा. मुलाच्या चित्रांत माणसं, लाल माती, संध्याकाळचं पेटलेलं आभाळ, आणि झाडं. एका बहरलेल्या फांदीच्या चित्रापुढे मामा उभा राहिला तो हलेचना. पुढे फांदी, तिच्यावर पानं जवळजवळ नाहीत, नुसता फुलोरा. मागे सपाट जांभळा डोंगर. त्याच्या मागे लिंबासारखं पिवळं आभाळ. प्रकाश पाठीमागून येतो, त्यामुळे फुलांच्या कडा उजळलेल्या आणि पोट सावलीत.

“नीट बघ,” मामा म्हणाला, “फांदी कुठे वाकलीये?”

मी बोट दाखवलं.

“आणि फुलांचा सगळ्यात मोठा घोस कुठेय? तिथेच. वरच्या टोकाला फुलं बारीक, सुटी. खाली येशील तसा रंगाचा थर जाड होत जातो. फांदीही खाली काळी, जाड. ह्याने फुलांना वजन दिलंय गं. ओझं कुठून कुठे जातं ते ह्या माणसाला कळतं.”

मग त्याने मला बाजूला, भिंतीलगत उभं केलं आणि तिरकं बघायला लावलं. समोरून सपाट वाटणारा रंग तिरक्या उजेडात उठून आला. मोठ्या घोसात रंग दाबून बसवलेला होता, कुंचल्याच्या केसांच्या बारीक चरांसकट. डोंगर मात्र इतका पातळ लावलेला की कापडाची वीण दिसावी. जवळचं जाड, लांबचं पातळ. छायाचित्रात किंवा छापील पुस्तकात हे कधीही दिसत नाही. त्यासाठी मूळ चित्रापुढेच उभं राहावं लागतं.

फुलांच्या चित्राला आपल्याकडे दुय्यम मानतात. दिवाणखान्याची शोभा, भेट द्यायला बरं, नवशिक्याचा सराव, असं बोललं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. तोडलेली फांदी दुसऱ्या दिवशी मान टाकते. जवसाच्या तेलात घोटलेल्या रंगाचा एक थर वाळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणजे तैलरंगात फूल रंगवणाऱ्याच्या समोर चित्र पुरं होताना ते फूल नसतंच. त्याला ते आतून माहीत असावं लागतं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी वसंतातली ट्युलिप आणि पुढच्या मोसमातले गुलाब एकाच फुलदाणीत मांडले ते याच जाणतेपणावर. तशी फुलदाणी प्रत्यक्षात कुणाच्या टेबलावर असणं शक्य नव्हतं. आणि ज्या ट्युलिपवर हॉलंडने एवढा जीव टाकला, तीही तुर्कस्तानातून आलेली पाहुणी. रोरिक तैलरंग आणि टेंपेरा दोन्ही वापरत. फुलांची त्यांची माहिती वरवरची नव्हती. १९२८मध्ये रोरिक कुटुंबाने ‘उरुस्वती’ ही हिमालय संशोधन संस्था काढली, ती पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला स्थिरावली. स्वेतोस्लाव्ह १९३१पासून तिथे राहिले आणि डोंगरातल्या औषधी वनस्पती गोळा करणं, त्यांचे उपयोग नोंदवून ठेवणं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. झाडाची ओळख आधी, चित्र मागाहून.

बंगळूरला आल्यावर त्यांनी शहराच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यावर तातगुणी इथे साडेचारशे एकरांहून मोठी इस्टेट घेतली. तिथे लावली लिनॅलोची झाडं. हे झाड मेक्सिकोचं. मामीच्या माहेरचं कुणीतरी अत्तराच्या व्यापारात होतं, त्यामुळे हा भाग तिच्याकडून ऐकावा. लिनॅलोची फळं हिरवी, बोराहून लहान. पिकली की साल फुटते आणि आत शेंदरी आवरणातली बी दिसते. त्या सालीत तेल असतं. साली गोळा करायच्या, वाफेच्या भट्टीवर चढवायच्या, वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. अत्तर, साबण, सगळीकडे त्याला मागणी. “पान नुसतं चुरडलं तरी हात दुपारपर्यंत वासाचा राहायचा,” मामी सांगायची. चित्रकार शेतात उभा राहून साली वाळवून घेतोय आणि एके काळी पडद्यावर गाजलेली त्याची बायको हिशेबाच्या वह्या तपासतेय, असं चित्र तिने आमच्यापुढे उभं केलं होतं. तिने स्वतः त्या दोघांना एकदाच, एका समारंभात, लांबून पाहिलं होतं. देविकाराणीचं पातळ आणि केसांतली फुलं तिने मला इतक्या बारकाईने सांगितली की आजी हयात असती तर तिचा राग तिथेच ओसरला असता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. देविकाराणीनेही तरुणपणी लंडनमध्ये नाट्य आणि संगीताबरोबर वास्तुरचना आणि कापडावरच्या नक्षीकामाचे धडे घेतले होते. तिचं बॉम्बे टॉकीजमधलं वागणं, स्टुडिओची व्यवस्था, पुढे इस्टेट सांभाळणं, यामागे ही जुनी शिस्त असणार असं मला वाटतं. दोघंही आयुष्याच्या सुरुवातीला घरं बांधायला शिकली आणि दोघांनीही पुढे वेगळंच काही बांधलं.

मामा काम करायचा त्या संस्थेच्या आवारातही एका परक्या वास्तुविशारदाचा हात फिरलेला होता. ऑटो क्योनिग्सबर्गर, बर्लिनचा ज्यू. १९३३मध्ये हिटलर आला आणि ह्याला देश सोडावा लागला. इजिप्तमार्गे तो १९३९मध्ये म्हैसूर संस्थानात आला आणि संस्थानचा सरकारी वास्तुविशारद झाला. त्याच्या आधी तीन-चार वर्षं भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळूरला शिकवून गेले होते. ते क्योनिग्सबर्गरचे सख्खे मामा. मामाच्या ओळखीने भाच्याची सोय लागावी, हे आपल्याकडच्या कुणालाही समजेल. संस्थेतल्या विमानविद्या आणि धातुविद्या विभागांच्या इमारती त्याच्या. ऊन आत येऊ नये पण वारा यावा, म्हणून त्याने छज्जे कसे पुढे काढलेत आणि झडपा कशा बसवल्यात, हे मामा आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवायचा. १९४८मध्ये क्योनिग्सबर्गर दिल्लीला गेला, पुढे लंडनला. बंगळूरकरांना त्याचं नाव फारसं आठवत नाही.

पण ह्या सगळ्यांच्या आधी शहर फुलांनी रचायला घेतलं ते गुस्ताव्ह हेर्मान क्रुम्बिगेलने, आणि त्याची वाट मराठी दरबारातून आली. ड्रेस्डेनजवळचा हा माळीविद्येचा पदवीधर लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम करत होता. १८९३मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात तो बागांच्या कामावर आला. तिथे त्याने मोठी कामं केली आणि १९०८मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्याला लालबागेसाठी बोलावून घेतलं. लालबाग मूळ हैदरअलीची, १७६०ची. काचघर १८८९चं, क्रुम्बिगेलच्या आधीच्या जॉन कॅमेरॉनच्या कारकिर्दीतलं. क्रुम्बिगेलने बागेच्या भिंतीबाहेर पाहिलं. एका रस्त्याची झाडं मरगळली की दुसऱ्या रस्त्याची फुलावीत, वर्षाचा एकही महिना कोरा जाऊ नये, अशा हिशेबाने त्याने झाडांची निवड केली. दोन्ही महायुद्धांत जर्मन म्हणून त्याला नजरकैद सोसावी लागली. तरी तो गेला नाही. १९५६मध्ये नव्वदीत बंगळूरलाच वारला आणि होसूर रस्त्यावरच्या दफनभूमीत विसावला.

त्याने आणि त्याच्या मागच्या-पुढच्यांनी लावलेली झाडं तरी कुठली? नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. गुलमोहर मादागास्करचा. पिचकारी आफ्रिकेची. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहर सोनेरी करून टाकणारा टॅबेबुया पुन्हा दक्षिण अमेरिकेचा. मामीला हे मी सांगितलं तेव्हा ती देवासमोरची फुलं निवडत होती. तिच्या परडीतला देवचाफा आणि झेंडू, दोन्ही मेक्सिकोकडून आलेले, हेही मी सांगितलं. तिने क्षणभर झेंडू हातात धरला आणि म्हणाली, “मग काय झालं? चारशे वर्षांपूर्वी आम्हीही आलोच की.” आणि फूल खंडोबाला वाहिलं.

रोरिकच्या काळातच शहराचा स्वतःचा फुलांचा चित्रकारही होता, त्याला वगळून रोरिकबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही. रुमाले चेन्नबसवय्या, १९१० ते १९८८. दोड्डबळ्ळापूरकडचे, गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले. चित्रकला शिकता शिकता त्यांनी चळवळीत उडी घेतली आणि नंतर आमदारकी, पत्रकारिता असं सगळं करून ते परत कुंचल्याकडे आले. झाडाखाली बसून, ते झाड फुललेलं असतानाच रंगवायचं, ही त्यांची पद्धत. जलरंगात आणि तैलरंगात त्यांनी बंगळूरचे फुललेले रस्ते रंगवले. रंगाचे तुटक ठिपके, झाड थरथरतंय असं वाटावं. रोरिकच्या फांदीला पाया आहे, रुमाल्यांच्या झाडाला वारा आहे. दोघांची चित्रं शेजारी शेजारी टांगली तर एकाच शहराकडे घरच्याने आणि पाहुण्याने कसं पाहिलं ते लहान मुलालाही दिसेल. मला खात्री आहे, की पाहुण्याला बांधणी दिसली ती तो पाहुणा होता म्हणूनच. ज्याचं पहिलं घर सीमेपलीकडे राहिलं, तो नव्या जागी पहिल्यांदा हेच बघतो की इथे काय उभं राहील आणि कशाच्या आधारावर.

म्हातारपणी रोरिक आणि देविकाराणी आजारपणामुळे इस्टेट सोडून बंगळूरच्या अशोक हॉटेलात राहिले. मूल नव्हतं. ३० जानेवारी १९९३ला रोरिक गेले आणि पुढच्या वर्षी ९ मार्चला देविकाराणी. त्यांच्या समाध्या तातगुणीतच आहेत. मागे राहिली ती साडेचारशे एकर जमीन, चित्रं, वस्तू आणि वाद. जमीन आपण विकत घेतली आहे, असं म्हणत एक कंपनी पुढे आली. कर्नाटक सरकारने १९९६मध्ये खास कायदा करून इस्टेट ताब्यात घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेलं आणि ९ ऑगस्ट २०११ला निकाल सरकारच्या बाजूने लागला. मालमत्तेच्या हक्कावरचा हा निकाल आज कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. म्हणजे संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये ज्याने रंगवलेलं नेहरूंचं तैलचित्र आहे, १९६१मध्ये ज्याला पद्मभूषण मिळालं, ज्याच्या बायकोला पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, त्या माणसाचं नाव कित्येकांना फक्त एका खटल्यामुळे माहीत आहे. मामा खटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रातून कातरून ठेवायचा. कात्रणांच्या शेवटी शेवटी त्याने पेन्सिलीने फक्त एकच प्रश्न लिहिलेला असे: “झाडं कशी आहेत?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मालकी कुणाची हे न्यायालय ठरवतं, पण लिनॅलोला पाणी घालणारा, मेलेली फांदी छाटणारा, चित्रावरची बुरशी वेळेवर ओळखणारा माणूस नेमलेला असावा लागतो. बंगळूरच्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या कॅनव्हासला ओल धरते. तेलाचा थर एकदा तडकला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते परत चिकटवणं हे तज्ज्ञाचं, महिनोन्‌महिन्यांचं काम. रोरिकने फुलांना दिलेलं वजन त्या थराच्या जाडीतच आहे. तो थर गेला तर चित्र उरतं, पण त्यातला वास्तुविशारद जातो.

कनकपुरा रस्त्याने आता मेट्रो सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत धावते आणि तातगुणी तिथून फार लांब राहिलेलं नाही. मामाच्या काळी तिकडे जायचं म्हणजे सकाळी डबा बांधून निघायचं. शहरातली झाडंही सगळी क्रुम्बिगेलच्या काळची नाहीत. ऐंशीच्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी बंगळूरमध्ये पंधरा लाख झाडं लावली, आजची बरीचशी सावली त्यांची आहे.

लालबागेत दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं आणि काचघरापुढे लोकांची रांग लागते. माझी एक मागणी आहे आणि ती मी भेटेल त्या बंगळूरकराला सांगते. त्या दिवसांत रोरिक आणि रुमाले यांची फुलांची चित्रं लालबागेच्या आवारात एखाद्या बंदिस्त, कोरड्या सभागृहात मांडावीत. काचघरात नकोत, ऊन थेट येतं, तैलरंगाला ते मानवत नाही. चित्रांशेजारी कोणतं झाड कुठल्या देशाचं, बंगळूरला ते कुणी आणलं, कुठल्या रस्त्यावर आणि कुठल्या महिन्यात बघायला मिळेल, एवढं कानडीत, मराठीत, तमिळमध्ये लिहावं. आणि भिंतीलगत चालायला जागा ठेवावी, म्हणजे ज्याला तिरकं उभं राहून रंगाचा थर बघायचा आहे त्याला तो बघता येईल.